तात्सिन्स्काया छापा

दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत 24 व्या रणगाडा कोअरने (अनेक ब्रिगेडांची मिळून बनलेली मोठी सैन्यतुकडी) 24 डिसेंबर 1942 रोजी डॉन खोऱ्यातील तात्सिन्स्काया या कोसॅक गावाजवळच्या जर्मन विमानतळावर घातलेला छापा. स्टालिनग्राडच्या वेढ्यात सापडलेल्या जर्मन सहाव्या सेनेला युंकर्स-52 ही मालवाहू विमाने मुख्यतः येथून रसद पोहोचवीत. याच कामावरची हाइंकेल-111 ही बॉम्बफेकी विमाने पूर्वेकडील मोरोझोव्स्काया तळावर होती.

कोअरची उभारणी एप्रिल 1942 मधील. तिच्यात 4 थी गार्ड्झ (‘गार्ड्झ’ हा पराक्रमाबद्दल तुकडीला मिळणारा मानाचा दर्जा), 54 वी व 130 वी या रणगाडा ब्रिगेड आणि 24 वी मोटारवाहित रायफल ब्रिगेड होती. प्रमुख वासिली बादानोव. इटालियन आठव्या सेनेच्या फळीला पडलेल्या खिंडारातून ती 17 डिसेंबरला आत घुसली आणि बर्फातून सुमारे 240 किमी. मजल मारून 24 तारखेच्या सकाळी, दाट धुक्यात, तळाच्या कडेला येऊन ठेपली. साडेसातच्या सुमारास कात्यूशा अग्निबाणांचा मारा झाला आणि रणगाडे थेट धावपट्टीवर शिरले. तळ सोडण्यास जर्मन हवाईदलाचा प्रमुख गोअरिंगने मनाई केलेली असल्याने विमाने तोवर जमिनीवरच होती. तोफगोळे पडू लागल्यावर ती धुक्यातच, मिळेल त्या दिशेने उडाली. काही एकमेकांवर आदळली.

किती विमाने नष्ट झाली, हा वाद अजून मिटलेला नाही. सोव्हिएत लेखनात 300 हून अधिक हा आकडा रूढ आहे. जर्मन नोंदींवर आधारलेल्या अभ्यासांत 108 युंकर्स-52 व 16 युंकर्स-86 निसटल्याचे आणि सुमारे 72 गमावल्याचे आढळते. या दोन्हींची बेरीज 200 च्या आत राहते. तेवढीच विमाने तळावर असतील, तर 300 चा आकडा बसत नाही. नादुरुस्त यंत्रे व रेल्वेवाघिणींतील सुटे भाग सोव्हिएत मोजणीत धरले गेले असावेत. 72 हा आकडा अधिक ग्राह्य वाटतो, आणि त्याने छाप्याचे मोल उणावत नाही. उरलेली मालवाहू विमाने पुढे साल्स्क येथील तळावर गेली. तेथून स्टालिनग्राडचे अंतर बरेच जास्त, म्हणून त्याच इंधनात फेऱ्या घटल्या.

तळ हाती आला, पण कोअरची खरी अडचण इंधनाची होती. 25 डिसेंबरला तिच्याकडे 58 रणगाडे उरले होते : 39 मध्यम टी-34 आणि 19 हलके टी-70. टी-70 ला दोन पेट्रोल एंजिने, तर टी-34 ला 12 सिलिंडरांचे डिझेल एंजिन. एकाच तुकडीला दोन निराळी इंधने लागत. तळावरच्या साठ्यातले विमानाचे पेट्रोल डिझेल एंजिनात तसेच ओतून चालत नाही. ते दाबाने वेळेवर पेटत नाही आणि डिझेलसारखे वंगणाचे काम करीत नसल्याने इंधनपंप झिजतो. म्हणून हस्तगत इंधनात तेल मिसळून टी-34 चालविल्याचे सोव्हिएत वृत्तांत सांगतात. मिश्रणाचे प्रमाण मात्र त्यांत एकसारखे नाही. 26 तारखेला इंधनाच्या व दारूगोळ्याच्या मोजक्या गाड्या, पाच टी-34 सोबत, आत पोहोचल्या. त्यानंतर वाट बंद झाली. 6 व्या व 11 व्या पँझर (जर्मन रणगाडा) डिव्हिजनांच्या तुकड्यांनी गावाभोवती फास आवळला. बादानोवला कसेही करून सोडवा, अशी ताकीद स्टालिनने नैऋत्य आघाडीचे प्रमुख वातुतिन यांना दिली. 28 डिसेंबरच्या पहाटेपूर्वी कोअरचे उरलेले बळ कोंडी फोडून उत्तरेकडे निसटले. गाव पुन्हा जर्मनांकडे गेले.

वेढ्यात असतानाच, 26 डिसेंबरला, कोअरला ‘2 री गार्ड्झ’ हा दर्जा मिळाला. बादानोव हे द्वितीय श्रेणीच्या सुवोरोव पदकाचे पहिले मानकरी ठरले. ‘तात्सिन्स्काया’ ही उपाधी जानेवारी 1943 मधील. पुढे अलेक्सेई बुर्देइनी यांच्या हाताखाली ही कोअर जुलै 1943 मध्ये कुर्स्कच्या लढाईत प्रोखोरोव्काच्या दक्षिणेस लढली आणि 3 जुलै 1944 रोजी मिन्स्कमध्ये शिरणाऱ्या पहिल्या तुकड्यांत होती.