‘डी’ व्हिटॅमिन आणि किडनी: एका इवल्याशा कॅप्सूलची पार्श्वभूमी

बडोद्याच्या दांडिया बाजारात आमच्या ओळखीचं एक घर आहे. तिथल्या आजोबांच्या औषधांच्या डब्यात दोन वस्तू शेजारी-शेजारी असतात. एक म्हणजे 60,000 युनिटची पुडी, आठवड्यातून एकदा दुधातून घ्यायची. दुसरी किडनीच्या डॉक्टरांनी लिहून दिलेली 0.25 मायक्रोग्रॅमची मऊ कॅप्सूल, वालाच्या दाण्याहून लहान. घरात दोन्हींचं नाव एकच, ‘डीचं औषध’. पुडीतले 60,000 युनिट म्हणजे 1,500 मायक्रोग्रॅम, कॅप्सूलच्या सहा हजार पट. साहजिकच आजोबा पुडीला वचकून असतात आणि कॅप्सूलला किरकोळ समजतात. एखाद्या दिवशी राहिली तर दुसऱ्या दिवशी दोन गिळतात. खरं म्हणजे डोळ्यांत तेल घालून सांभाळायची ती कॅप्सूलच. हा घोळ आजोबांचा नाही, नावाचा आहे, आणि तो शंभर वर्षं जुना आहे.

1919 साली लंडनमध्ये एडवर्ड मेलनबी यांनी कुत्र्याची पिल्लं घरात कोंडून ओटच्या लापशीवर वाढवली. पिल्लांना मुडदूस झाला, आणि कॉड माशाच्या तेलानं तो बरा झाला. त्याच वर्षी बर्लिनमध्ये हुल्डशिन्स्की नावाच्या डॉक्टरांनी मुडदूस झालेल्या मुलांना अतिनील दिव्याखाली बसवलं, तर तीही बरी झाली. एकाकडे तेल, दुसऱ्याकडे उजेड. अमेरिकेत मॅककॉलम यांनी तेल तापवून, त्यात हवा सोडून ‘ए’ व्हिटॅमिन नष्ट केलं, तरी मुडदूस बरा करणारा गुण तेलात शिल्लक राहिला. 1922 मध्ये त्यांनी त्याला पुढचं मोकळं अक्षर दिलं: ‘डी’. पुढे हॅरी स्टीनबॉक यांनी अन्नावरच अतिनील किरण सोडून तोच गुण आणून दाखवला.

व्हिटॅमिन म्हणजे जे शरीराला स्वतः करता येत नाही, बाहेरून खावं लागतं. हे तर उन्हात आपली कातडीच तयार करते! पण तोवर नाव चिकटलं होतं. आणि ‘व्हिटॅमिन’ म्हटलं की आपल्याकडे ताकदीचं औषध, घेतलं तर बरंच, जास्त झालं तर बिघडलं कुठे. 1907 मध्ये गज्जर, कोटीभास्कर आणि अमीन यांनी अलेंबिक काढली तेव्हापासून बडोद्याला औषधांच्या कारखान्यांची सवय आहे, पण टॉनिक आणि औषध यांतला फरक आमच्याही घरांत अजून रुजलेला नाही.

किडनीचा धागा वेगळीकडून आला. किडनी बिघडलेल्या मुलांची हाडं वाकतात आणि त्यांना नेहमीच्या मात्रेत ‘डी’ देऊन काही फरक पडत नाही, हे डॉक्टरांना बऱ्याच आधीपासून दिसत होतं. 1940 च्या दशकात चीनमधल्या लिऊ आणि चू यांनी या हाडांच्या दुखण्याला किडनीशी जोडणारं नाव दिलं. पण प्रश्न मोठ्या प्रमाणावर पुढे आला तो 1960 नंतर, डायलिसिसमुळे. पूर्वी किडनी गेली की माणूस जात असे. आता तो जगू लागला, आणि त्याची हाडं ठिसूळ होत असलेली दिसू लागली. तेव्हाचा उपाय धसमुसळा होता. साधं ‘डी’ लागू पडत नाही ना, मग प्रचंड मात्रेत द्या. ते चरबीत साठून राहायचं. रक्तातलं कॅल्शियम एकदा वर गेलं की औषध बंद करूनही कित्येक आठवडे खाली यायचं नाही.

कोडं सुटलं 1970 मध्ये, केंब्रिजला. फ्रेझर आणि कोडिचेक यांनी उंदरांच्या किडन्या काढून पाहिलं, तर ‘डी’चं सर्वांत प्रभावी रूप तयार होणंच थांबलं. कातडीत किंवा अन्नात मिळालेलं ‘डी’ आधी यकृतात बदलतं, आणि शेवटचा हात त्यावर किडनी फिरवते. तो फिरला नाही तर आधीचा सगळा माल कच्चाच राहतो. 1971 मध्ये या तयार मालाची रचना उलगडली. ती उलगडणाऱ्यांत स्टीनबॉक यांचेच विद्यार्थी हेक्टर डीलुका होते. हा तयार माल म्हणजे कॅल्सिट्रिऑल, आजोबांच्या कॅप्सूलमध्ये असतं तेच. रक्तातून फिरून आतड्याला ‘कॅल्शियम शोषून घे’ असा हुकूम देणारं ते संप्रेरक आहे, इन्शुलिनच्या पंक्तीतलं. इन्शुलिनच्या दोन मात्रा कुणी एकदम घेत नाही. या कॅप्सूलच्या मात्र घेतल्या जातात.

कॅल्सिट्रिऑलला अमेरिकेत 1978 मध्ये परवानगी मिळाली. त्याच वर्षी नडियादला मूळजीभाई पटेल युरॉलॉजिकल हॉस्पिटल सुरू झालं, आणि बडोद्याच्या किडनीच्या रुग्णांची तिकडची वारी लागली ती आजतागायत. यकृताकडून थोडं काम करवून घेणारं अल्फाकॅल्सिडॉल आलं, 1998 मध्ये अमेरिकेत कॅल्सिट्रिऑलसारखंच काम करणारं पॅरिकॅल्सिटॉल आलं. या औषधांचा एक फायदा असा की ती साठून राहत नाहीत. कॅल्शियम वाढलं आणि औषध थांबवलं, तर उतार सहसा काही दिवसांत पडतो.

पण अडचण संपली नाही, जागा बदलली. किडनी बिघडली की फॉस्फरस साचतो. तो अडवायला आधी अॅल्युमिनियमची औषधं जेवणाबरोबर देत. ते अॅल्युमिनियम हाडांत आणि मेंदूत उतरतं हे कळल्यावर कॅल्शियमच्या गोळ्या आल्या. म्हणजे एका हातानं कॅल्शियम द्यायचं आणि दुसऱ्या हातानं ते शोषून घेणारं संप्रेरक. कॅल्शियम हाडांत जायचं सोडून रक्तवाहिन्यांच्या भिंतींत बसू लागलं.

2000 साली एफजीएफ-23 या संप्रेरकाचा शोध लागला आणि मला वाटतं या सगळ्या गोष्टीचं खरं वळण तेच. फॉस्फरसचा भार वाढू लागला की हाडं हे सोडतात, आणि ते किडनीला कॅल्सिट्रिऑल कमी करायला लावतं. म्हणजे सुरुवातीच्या काळातली कमतरता हा निव्वळ बिघाड नाही, अंशतः शरीरानंच केलेली काटकसर आहे. ती सरसकट भरून काढणं शहाणपणाचं कसं ठरेल? 2012 च्या पॅरिकॅल्सिटॉलच्या एका मोठ्या चाचणीत हृदयाला अपेक्षित फायदा दिसला नाही, कॅल्शियम वाढण्याचे प्रसंग मात्र जास्त दिसले. 2017 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी मग हात आखडता घेतला: डायलिसिसवर नसलेल्या रुग्णाला ही औषधं सरसकट देऊ नयेत, आजाराच्या चौथ्या-पाचव्या टप्प्यात पॅराथायरॉइड ग्रंथींचं, हाडांतून कॅल्शियम ओढून रक्तात आणणारं संप्रेरक, म्हणजे पीटीएच, खूप आणि सतत वाढत असेल तरच विचार करावा. साध्या ‘डी’ची कमतरता रक्त तपासून इतरांप्रमाणेच भरून काढायला हरकत नाही. त्यामुळे डब्यातली पुडी मुळात चुकीची नसते, आठवड्याची रोज घेतली तर चुकते.

दवाखान्यातल्या आजच्या सूचना या इतिहासातूनच आल्या आहेत. औषध सुरू केल्यावर किंवा मात्रा बदलल्यावर काही आठवड्यांत कॅल्शियम-फॉस्फरस का तपासतात, ते यावरून कळावं. पीटीएचच्या आकड्यापुढे बाण दिसला म्हणून घाबरून मात्रा वाढवून मागू नये. डायलिसिसच्या रुग्णात ते नेहमीच्या मर्यादेच्या दुप्पट ते नऊपट चालतं, फार दाबलं तर हाडांची घडण मंदावते. राहिलेली मात्रा दुसऱ्या दिवशी दुप्पट करून भरायची नाही. तहान वाढणं, मळमळ, बद्धकोष्ठता, गळून गेल्यासारखं वाटणं, बोलण्यात गोंधळ होणं ही कॅल्शियम वाढल्याची लक्षणं असू शकतात. आपल्याकडे ती ‘ऊन लागलं’ म्हणून बडीशेपेच्या सरबतावर निभावली जातात. त्याऐवजी त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून रक्त तपासावं. डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध चालू असेल तर वाढलेलं कॅल्शियम हृदयाच्या ठोक्यांना धोक्याचं, आणि थायाझाइड गटातल्या लघवीच्या गोळ्या कॅल्शियम आणखी वाढवतात. जळजळीसाठी मेडिकलमधून आणलेल्या पातळ अँटासिडमध्ये बहुधा मॅग्नेशियम आणि अॅल्युमिनियम असतं, तेही विचारल्याशिवाय नको.

औषधांच्या यादीत कधीच न येणारी एक गोष्ट म्हणजे चुना. पानातला, तंबाखूतला, आणि हल्ली व्हॉट्सअॅपवर फिरणारा, ‘गव्हाच्या दाण्याएवढा दह्यातून घ्या, गुडघे ठीक होतील’ वाला. तोही कॅल्शियमच. डॉक्टर विचारत नाहीत, म्हणून आजी सांगत नाहीत.

दुसरी गफलत गुडघ्यांपायीच होते. हाडांच्या डॉक्टरांकडून मिळणाऱ्या कॅल्शियमच्या कित्येक कॅप्सूलांत कॅल्सिट्रिऑल आधीच मिसळलेलं असतं. ब्रँडच्या नावावरून ते ओळखू येत नाही. म्हणून दुसऱ्या डॉक्टरांकडे जाताना फाइलबरोबर चालू औषधांच्या स्ट्रिपाही न्याव्यात, आणि नव्या स्ट्रिपच्या मागच्या बारीक अक्षरांत कॅल्सिट्रिऑल, अल्फाकॅल्सिडॉल किंवा पॅरिकॅल्सिटॉल दिसलं तर पहिली गोळी घेण्याआधी किडनीच्या डॉक्टरांना दाखवावं.