कॅनरी बेटं : पर्यटकांच्या आधीची पाचशे वर्षं

20 एप्रिल 2024 रोजी कॅनरी बेटांवर हजारो माणसं रस्त्यावर उतरली. 'कॅनरीलाही मर्यादा आहे' ही त्यांची घोषणा होती. घरभाडं परवडत नाही, पाणी पुरत नाही, किनारे हॉटेलांनी गिळले, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. या बेटांची लोकवस्ती 22 लाखांच्या आसपास, आणि त्या एका वर्षात आलेले पाहुणे पावणेदोन कोटींच्या घरात. बातम्यांनी या आंदोलनाला 'पर्यटनविरोधी' म्हटलं. मला ते नाव अपुरं वाटतं. पाचशे वर्षं ही बेटं एकेका पिकावर सगळं पणाला लावत आली आहेत आणि दर वेळी त्या पिकाचा भाव दूरच्या कुठल्या तरी बाजारात ठरला आहे. पर्यटन हे त्यातलं सर्वांत ताजं पीक.

बेटं स्पेनची, पण जवळ आफ्रिकेच्या. त्यांतल्या फुएर्तेव्हेंतुरा बेटापासून आफ्रिकेचा किनारा फक्त शंभरेक किलोमीटर, तर स्पेनची मुख्यभूमी हजारच्या आसपास. सगळी ज्वालामुखीतून वर आलेली. टेनेरीफ बेटावरचा तैदे हा 3,715 मीटर उंचीचा पर्वत म्हणजे स्पेनचं सर्वोच्च शिखर. ईशान्येकडून वाहणारे व्यापारी वारे डोंगरांना अडतात, उत्तरेच्या उतारांवर ढग साचतात आणि दक्षिण बाजू कोरडी राहते. घाटमाथा आणि माणदेश यांतला फरक ज्याने पाहिला आहे, त्याला हे चित्र लगेच कळेल.

पण इथे पावसापेक्षा धुकं मोलाचं. ला गोमेरा बेटावरच्या गाराहोनाय अरण्यात सदाहरित लॉरेलची झाडं पानांवर धुकं धरतात आणि ते थेंबाथेंबाने खाली टपकत राहतं. तिथले लोक त्याला 'आडवा पाऊस' म्हणतात. एल इएरो बेटावरच्या गारोए नावाच्या एकाच झाडाखालच्या खड्ड्यांत साठणाऱ्या अशा पाण्यावर माणसं तहान भागवायची. 1610 च्या वादळात ते झाड पडलं, तरी त्याचं चित्र बेटाच्या चिन्हावर आजही आहे.

इथले मूळ रहिवासी उत्तर आफ्रिकेतल्या बर्बर लोकांचे वंशज. टेनेरीफवरचे ते ग्वांचे. पुढे सगळ्याच बेटांवरच्या मूळ लोकांना हेच नाव पडलं. धातू त्यांना माहीत नव्हता; शेळ्या आणि जव यांवर त्यांचं चालायचं. भाजून दळलेल्या धान्याचं त्यांचं गोफिओ आजही घरोघरी खाल्लं जातं. आपल्या सातूच्या पिठाच्या फार जवळचा पदार्थ आहे तो. 1402 मध्ये लांथारोते बेटावर सुरू झालेली युरोपीय स्वारी 1496 मध्ये टेनेरीफ पडल्यावर संपली. लढाया, साथीचे रोग आणि गुलामांची विक्री यांत त्या समाजाची घडी मोडली, भाषा गेली. गोमेराच्या दऱ्यांमधून शिट्टीने बोलण्याची रीत मात्र टिकली. आता ती तिथल्या शाळांत शिकवली जाते.

विजेत्यांनी आल्याबरोबर ऊस लावला. गुऱ्हाळांच्या चुलाणांना लाकूड लागायचं, ते लॉरेलच्या रानांतून आलं. ग्रान कानारिया बेटावर त्या रानाचा आज जेमतेम एक टक्का उरला आहे. म्हणजे धुकं धरणारी झाडं तोडून साखर शिजवली गेली. सोळाव्या शतकात अमेरिकेतली स्वस्त साखर आली आणि कॅनरीचा ऊस मागे पडला. मग माल्व्हासिया द्राक्षांची वाइन. तिचं मोठं गिऱ्हाईक इंग्लंड. ते गिऱ्हाईक पोर्तुगालच्या वाइनकडे वळलं आणि 1706 च्या लाव्ह्याने गाराचिको हे टेनेरीफचं भरभराटीचं बंदर बुजवून टाकलं.

द्राक्षांबद्दल लांथारोतेची गोष्ट सांगायलाच हवी. 1 सप्टेंबर 1730 ला तिथे जमीन फाटली आणि 1736 पर्यंत आग थांबली नाही. बेटावरची उत्तम शेतजमीन राखेखाली गेली. शेतकऱ्यांनी ती राख खणत खणत खालच्या मातीपर्यंत खड्डे नेले, प्रत्येक खड्ड्यात एक वेल लावला आणि वाऱ्याच्या बाजूला काळ्या दगडांची अर्धवर्तुळाकार ताल रचली. रात्रीची ओल ही सच्छिद्र राख धरून ठेवते आणि दिवसा ती उडू देत नाही. वर्षाला जेमतेम दीडशे मिलिमीटर पावसात ला हेरिया भागातले हे वेल आजही फळतात. कोरडवाहू शेतीची याहून धीराची युक्ती मला माहीत नाही.

एकोणिसाव्या शतकात पाळी आली एका किड्याची. मेक्सिकोतून फड्या निवडुंगावर पोसणारा कोचिनील आणला गेला. पिठ्या ढेकणासारखा दिसणारा, पांढऱ्या पुडीने माखलेला हा जीव बोटाखाली चिरडला की गडद किरमिजी रंग निघतो. पानावरून खरवडायचा, वाळवायचा आणि कापड रंगवणाऱ्यांना विकायचा. एका किलोला लाखाहून जास्त किडे लागायचे. डोंगरउतार निवडुंगाने भरले, पैसा आला. मग युरोपातल्या प्रयोगशाळांत डांबरापासून कृत्रिम रंग निघाले आणि काही वर्षांतच बाजार बसला. बेटांवरचे लोक आधीही बाहेर पडत होते. आता क्यूबाकडे जाणाऱ्या बोटी आणखी भरू लागल्या.

त्याआधीच, 1852 मध्ये, बंदरं करमुक्त झाली होती. कोळसा भरायला आगबोटी थांबू लागल्या, ग्रान कानारियावरचं लास पाल्मास हे बंदर वाढलं, आणि सिंधी व्यापाऱ्यांनीही तिथे दुकानं थाटली. त्यांची वस्ती आजही तिथे आहे. परतीच्या इंग्रजी बोटींमधून केळी जाऊ लागली. त्यांतली बुटकी कॅव्हेंडिश म्हणजे जळगावकरांच्या ओळखीची बसराई. केळीला पाणी हवं, म्हणून टेनेरीफच्या डोंगरांत हजाराहून जास्त आडवे बोगदे खोदले गेले. त्या पाण्याचे हिस्से आजही खासगी मालकीचे असतात, विकले जातात.

1957 साली स्वीडनहून चार्टर विमान आलं आणि हिवाळ्यातलं ऊन हाच माल झाला. आज उत्पन्नाचा सुमारे एक तृतीयांश भाग पर्यटनातून येतो. लांथारोतेत 1964 पासून समुद्राचं पाणी गोडं करून प्यायला देतात. 2021 मध्ये ला पाल्मा बेटावर 85 दिवस लाव्हा वाहिला, सुमारे बाराशे हेक्टर जमीन त्याखाली गेली, त्यात केळीच्या बागाही होत्या.

2024 च्या मोर्च्यांच्या काही दिवस आधी टेनेरीफच्या ला लागुना शहरात काही कार्यकर्ते उपोषणाला बसले होते. बेटाच्या कोरड्या दक्षिण किनाऱ्यावर उभ्या राहत असलेल्या दोन पर्यटन प्रकल्पांचं काम थांबवा आणि येणाऱ्या पाहुण्यांच्या संख्येला मर्यादा घाला, ही त्यांची मागणी होती.