उसवत मागे जाणारी फाइल

"भिया, इनमें आखरी वाली कौन सी है?" राजवाड्याजवळच्या छापखान्यातल्या पोराने पेनड्राइव्ह लावून विचारलं आणि मी गप्प. पडद्यावर आमच्या गणेशोत्सवाच्या कार्यक्रमपत्रिकेच्या पाच फाइली होत्या: 'फायनल', 'फायनल २', 'खरी फायनल', 'काकूंचे बदल' आणि 'फायनल नवी'. मी बोट ठेवलं ती नेमकी चुकीची. सहाचं कीर्तन सातला छापलं गेलं आणि बुवा रिकाम्या खुर्च्यांसमोर उभे राहिले.

या दुखण्यावर प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी औषध काढलं त्याला पन्नास वर्षं उलटली. फाइलीचा प्रत्येक बदल नोंदवून ठेवायचा आणि हवी ती जुनी प्रत परत काढायची, आवृत्ती-नियंत्रण म्हणतात त्याला. हा विषय काढला की आयटीतली पोरं लगेच 'गिटहब' म्हणतात. गिटहब ही गिटचं काम ठेवायची वेबसाइट झाली. गिट हा प्रोग्राम वेगळा, तो इंटरनेट नसलेल्या संगणकावरही मजेत चालतो. आणि तो या घराण्यातला धाकटा, २००५ सालचा, लिनक्सवाल्या लिनस टोरवाल्ड्सचा. थोरला म्हणजे एससीसीएस. तो मार्क रॉचकाइंडने १९७२ मध्ये बेल लॅब्ज या अमेरिकेतल्या संशोधन संस्थेत लिहिला. मधला आरसीएस १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला पर्ड्यू विद्यापीठात वॉल्टर टिचीने केला, आणि माझा जीव त्याच्यावर आहे.

प्रत्येक बदलानंतर अख्खी फाइल साठवायची तर जागा वाया जाते, म्हणून फक्त फरक साठवायचा, हे कुणालाही सुचेल. पण फरक कोणत्या दिशेने? पहिली प्रत ठेवून पुढचे बदल रचत गेलो, तर आजची प्रत मिळवायला दरवेळी आरंभापासून चालत यावं लागेल. आणि आपल्याला बहुतेक वेळा हवी असते आजचीच. टिचीने दिशा उलटी केली. ताजी प्रत अख्खी ठेवायची, जुनीसाठी मात्र उसवण्याच्या सूचना लिहायच्या. स्वेटर विणून तयार आहे, कालची ओळ हवी असेल तर एक ओळ उसवा, परवाची हवी असेल तर दोन.

हे डोळ्यांनी बघता येतं. आरसीएसची इतिहास-फाइल साधा मजकूरच असते, नावाच्या शेवटी स्वल्पविराम आणि 'व्ही'. माझ्या पत्रिकेच्या इतिहासात आवृत्ती १.१, म्हणजे पहिल्या प्रतीच्या नोंदीत इतकंच आहे: 'डी३ १', मग 'ए३ १', मग 'कीर्तन : सायं. ७'. म्हणजे तिसऱ्या ओळीपासून एक ओळ काढा, तिसरीनंतर एक ओळ घाला, ती ही. मजकुरात ईमेलचा पत्ता असेल तर त्यातलं 'अ‍ॅट'चं चिन्ह दोनदा उमटलेलं दिसतं, कारण आरसीएस मजकुराची सुरुवात आणि शेवट त्याच चिन्हाने दाखवतं.

एससीसीएसची तऱ्हा निराळी. तिथे सगळ्या आवृत्त्यांच्या ओळी एकाच फाइलीत गुंफलेल्या असतात आणि कोणती ओळ कोणत्या आवृत्तीत आली, कोणत्या आवृत्तीत गेली याच्या खुणा मधे पेरलेल्या. त्यामुळे जुनी प्रत काढायला जेवढा वेळ, साधारण तेवढाच नवीला. गिट मुळात प्रत्येक फाइल अख्खी ठेवतं आणि मजकुरावरून काढलेला चाळीस अक्षरी ठसा हेच तिचं नाव. पण पुढे जागा वाचवायला या फाइलींचा गठ्ठा बांधताना तेही फरकच साठवतं आणि साधारणपणे नवी प्रत अख्खी राहील असं बघतं. टिचीची उसवण तिथेही आहेच.

मराठीत लिहिणाऱ्यांना एक अडचण येते. ही हत्यारं फरक ओळीच्या हिशेबाने मोजतात. अख्खा परिच्छेद एका लांब ओळीत असेल तर एका अनुस्वारासाठी अख्खा परिच्छेद बदलला असं धरलं जातं. म्हणून मी प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर टाकतो. वर्डच्या फाइलीला याचा फायदा नाही, ती आतून दाबून बांधलेली असते.

आमच्याकडे दसऱ्याला लॅपटॉपला हळदकुंकू लागतं, झेंडूचं फूलही वाहतात. बॅकअप कुणी घेत नाही. 'सगळं क्लाउड सांभाळतो' हीही त्यातलीच श्रद्धा.

उबुंटू किंवा डेबियन या लिनक्स प्रणालींच्या भांडारात 'आरसीएस' आणि 'गिट' या नावांनी दोन्ही फुकट मिळतात. एससीसीएसच्या जुन्या फाइली हाती आल्या तर त्या उघडायला ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाचं सीएसएससी आहे. एकट्याच्या दोन-चार फाइलींना आरसीएस पुरे, चारजण एकत्र लिहिणार असतील तर सरळ गिट घ्या.

आरसीएसमध्ये प्रत जमा करायची आज्ञा 'सीआय'. तिला 'उणे एल' जोडायला विसरलात तर फाइल इतिहासात जाते आणि समोरून नाहीशी होते. पहिल्या दिवशी माझं तेच झालं. हातातला चहा तसाच निवला. मग 'सीओ' ही प्रत बाहेर काढायची आज्ञा दिली, आणि पत्रिका सहाच्या कीर्तनासकट जागेवर.