गाडी उंच झाली, गोळा तिथेच

जुन्या मारुती जिप्सीला लिफ्ट किट, म्हणजे गाडी उंच करणारे सुटे भाग, बसवलं की ती एकदम रुबाबदार दिसते. बंपर वर गेलेला, चिखलफळ्यांखाली हात जाईल एवढी मोकळी जागा. पण वाकून मागच्या गोळ्याखाली, म्हणजे डिफरन्शियलच्या फुगीर पेटीखाली, टेप लावली तर आकडा पूर्वीचाच येतो. कंपनीने सांगितलेला जमिनीपासूनचा २१० मिलिमीटरचा क्लिअरन्स दोन इंचांच्या लिफ्टनंतरही २१०च राहतो.

याचं कारण गाडीच्या रचनेत आहे. गोळा ॲक्सलच्या, म्हणजे दोन चाकांना जोडणाऱ्या आडव्या दांड्याच्या, मधोमध बसतो. ॲक्सल चाकांवर टेकलेला आणि चाकं जमिनीवर. लिफ्ट किटची सगळी करामत ॲक्सलच्या वरची, पाटे (वजन पेलणाऱ्या कमानदार पोलादी पट्ट्या) आणि चॅसिस (गाडीचा सांगाडा) यांच्यामधली. गोळा वर न्यायचा तर टायरच मोठा हवा, आणि तिथेही वाढीचा निम्माच वाटा पदरात पडतो. २०५/७० आर १५ टायरचा व्यास साधारण ६६८ मिमी, २३५/७५ आर १५ चा ७३३. व्यास ६५ मिमीने वाढला, पण गोळा वर गेला जेमतेम ३३. शिवाय स्पीडोमीटर ६० दाखवतो तेव्हा गाडी ६६ने पळत असते आणि चढावर प्रत्येक गिअर दहा टक्क्यांनी जड होतो.

मग लिफ्ट करायची तरी कशाला? मोठ्या टायरला जागा मिळावी म्हणून, आणि पोट वाचावं म्हणून. राजापूर-देवगडकडच्या सड्यांवर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारांवर, दोन्ही प्रकारची वाट भेटते. चिरेखाणीच्या रस्त्यावर ट्रकांनी खोल चाकोऱ्या पाडलेल्या असतात आणि मध्ये जांभ्याचा वरंबा उरतो. तिथे गोळाच घासतो, लिफ्टचा काडीचा उपयोग नाही. मळ्याचा बांध किंवा वहाळाचा काठ आडवा ओलांडताना मात्र पुढची चाकं पलीकडे उतरतात, मागची अलीकडे असतात आणि पोट टेकतं. तिथे दोन इंच खरोखर कामी येतात. आपली वाट कुठली, हे आधी ठरवावं. पैसे नंतर.

सगळ्यात स्वस्त लिफ्ट म्हणजे लांब शॅकल. पाट्याचं एक टोक चॅसिसला पक्कं असतं, दुसरं शॅकलवर, म्हणजे लोखंडी कडीवर, झुलतं आणि ॲक्सल साधारण मधोमध. एकच टोक दोन इंच खाली ढकललं तर मध्याला वाटा मिळतो एक इंचाचा. दोन इंच उंची हवी तर शॅकल चार इंचांनी लांब, आणि तेवढं लांब शॅकल बाजूला डुलायला लागतं.

खरी गोम वेगळीच आहे. एकच टोक खाली गेल्यामुळे पाटा तिरका होतो आणि त्याच्यासोबत ॲक्सलही फिरतो. जिप्सीत पुढचं शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला असतं. ते लांबवलं की चाक ज्या आसाभोवती वळतं त्या आसाचं वरचं टोक पुढे झुकतं. मुळात ते किंचित मागे कललेलं असतं, म्हणूनच वळणानंतर स्टेअरिंग आपोआप सरळ होतं. सायकलचा हात सोडला तरी ती सरळ जाते, त्यात पुढच्या फोर्कच्या अशाच कलाचा मोठा हात असतो. हा कल कमी झाला की गाडी महामार्गावर भरकटते. लोक स्टेअरिंग बॉक्सला दोष देतात, तो खोलतात, पुन्हा बसवतात. खरं तर पाटा आणि ॲक्सल यांच्यामध्ये योग्य कोनाची लोखंडी पाचर घातली की काम होतं.

मागे हाच प्रकार शाफ्टच्या, म्हणजे इंजिनाची ताकद गोळ्यापर्यंत नेणाऱ्या दांड्याच्या, वाट्याला येतो. शाफ्टच्या दोन्ही टोकांना क्रॉस, म्हणजे कोनातही फिरणारे सांधे, असतात. कोनात फिरणारा क्रॉस एकसारखा वेग पुढे देत नाही, एका फेरीत तो दोनदा वेग वाढवतो आणि दोनदा कमी करतो. १० अंशांच्या कोनात ही चढउतार दीड टक्का असते, २० अंशांत सहा टक्क्यांवर जाते. दोन्ही टोकांचे कोन सारखे असतील तर एकाची चूक दुसरा निस्तरतो. लांब शॅकलने गोळ्याचं नाक वर होतं, कोन विषम होतात आणि ठरावीक वेगाला गाडी घुमू लागते. दोन फुटांच्या शाफ्टचं एक टोक ५ सेंटिमीटर वर गेलं तर कोन जवळजवळ ५ अंशांनी बदलतो. म्हणून शॅकलपेक्षा जास्त कमानीचे नवे पाटे बरे. महाग आहेत, पण ॲक्सल फिरत नाही. जुन्या पाट्यांत जाड पाटा घुसवणं हा मधला मार्ग, पण पाट्याचा ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. रिकामी गाडी मग दगडासारखी आदळते.

घाटाचं गणितही मांडून बघावं. दोन चाकांमधलं अंतर १३०० मिमी आणि गुरुत्वमध्य ६५० मिमी उंच धरला, तर निम्मी रुंदी भागिले उंची बरोबर १. लिफ्ट आणि टायर मिळून तो ७५ मिमी वर गेला तर हाच आकडा ०.९ वर येतो. हा आकडा टायरच्या पकडीपेक्षा मोठा असेल तोवर गाडी कलंडण्याआधी घसरते, आणि कोरड्या डांबरावर ही पकड साधारण ०.८ असते. वळणावर गाडी बाहेरच्या बाजूला झुकते, तेव्हा हा आकडा आणखी घसरतो. पकड सुटून गाडी घसरण्याआधी ती कलंडण्याची भीती इथूनच सुरू होते. आंबोलीच्या वळणांवर गाडी घसरलेली परवडते. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमानुसार नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते स्पष्ट केलं. आरटीओत आधी विचारलेलं बरं.

किनाऱ्यावरच्या गाडीचं आणखी एक दुखणं म्हणजे खारा वारा. मीठ हवेतला ओलावा धरून ठेवतं आणि लोखंड आतून खातं. म्हणून किट मागवण्याआधी चॅसिसवर, विशेषतः पाट्याचे हँगर जिथे जोडलेत तिथे, हातोडीने ठोकून बघावं. धड पत्रा टणटणतो. कुजलेला भद्द वाजतो, रंगाचा पापुद्रा सुटतो आणि आतून तांबूस भुगा गळतो. अशा चॅसिसवर ताठ पाटे चढवले तर हँगरच फाटायचा. पाटा ॲक्सलला बांधणाऱ्या यू-बोल्टचे आटे गंजून फुगलेले असतात, ते ग्राइंडरने कापावेत आणि नवेच घालावेत, कारण एकदा आवळलेला बोल्ट ताणला गेलेला असतो. ॲक्सल पूर्ण लोंबकळू द्यावा आणि तेव्हा ब्रेकचा होज ताणला जात नाही ना, शॉकअप पुरतो ना, हे पाहावं. नवे पाटे काहीशे किलोमीटर चालल्यावर एकमेकांवर बसतात आणि यू-बोल्ट सैल पडतात. तेव्हा ते पुन्हा आवळून घ्यावेत. मेस्त्री स्वतःहून बोलावेलच असं नाही.