गाइड म्हणजे पेसर नव्हे

मॅरेथॉनमध्ये पाठीवर वेळेचा झेंडा लावून धावणारा तो पेसर. दृष्टिबाधित धावपटूशेजारी दोरीचं एक टोक धरून धावणारा तो गाइड रनर. दोघंही दुसऱ्यासाठी धावतात, म्हणून पेसिंगचा अनुभव असलेल्याला गाइड करणं सोपं जाईल असं सगळे धरून चालतात. प्रत्यक्षात त्याची पेसरची सवयच आधी मोडावी लागते.

पेसरचं काम घड्याळाशी. चार तासांचा पेसर किलोमीटरला साधारण 5 मिनिटं 41 सेकंद धरतो. मागून कोण येतंय, कोण सुटलं, यावरून तो वेग बदलत नाही. गाइड वेग ठरवतच नाही. घड्याळ त्याच्याही हातात असतं, पण तो आकडा फक्त वाचून सांगतो. वाढवायचं की आवरायचं, हे धावपटू ठरवतो. म्हणून गाइडचा दम त्याच्यापेक्षा चांगलाच जास्त हवा. धावपटूच्या सर्वांत जोरदार वेगातही गाइडला पूर्ण वाक्यं बोलता येत नसतील, तर ती जोडी शर्यतीला उतरवू नये.

पेसर पुढे असला तरी चालतो. गाइड अर्धं पाऊल जरी पुढे गेला तरी दोरी ताणली जाते, धावपटूचा खांदा ओढला जातो आणि त्याची चाल तिरकी होते. पॅरा अ‍ॅथलेटिक्सच्या नियमांत गाइडने ओढणं किंवा ढकलणं चालत नाही, आणि फिनिश लाइन धावपटूनेच आधी ओलांडावी लागते. दोरी सोडण्याचेही नियम कडक आहेत. 2024 च्या पॅरिस पॅरालिम्पिकच्या मॅरेथॉनमध्ये स्पेनची एलेना काँगोस्त तिसरी आली होती. शेवटच्या काही मीटरवर गाइडच्या पायात गोळे आले, त्याला सावरायला तिने क्षणभर दोरी सोडली, आणि त्या दिवशी तिला बाद ठरवलं गेलं.

दोरी न ताणणारी हवी, दोन्ही टोकांना फास. सरावाला बुटाची जाड नाडीही चालते. इलॅस्टिक नको, कारण झटका उशिरा पोचतो आणि वळणाचा इशारा हरवतो. गाइड उजवीकडे असेल तर त्याचा डावा हात आणि धावपटूचा उजवा हात एकत्र झुलतात. म्हणजे दोघांचे बाहेरचे पाय एकदम पुढे पडतात, मग आतले. ही लय चुकली की दर पावलाला दोरीला हिसका बसतो. उंचीत फरक असेल तर पावलांची लांबी गाइडने जुळवून घ्यायची, धावपटूने नव्हे.

खरी मेहनत बोलण्यात आहे. "जपून!" हा सर्वांत निरुपयोगी शब्द, कारण तो घाबरवतो आणि काहीच सांगत नाही. काय आहे, कुठे आहे, किती पावलांवर आहे, एवढंच हवं: "पुढे स्पीडब्रेकर, तीन, दोन, एक, चढ", आणि ओलांडल्यावर "संपला". हा शेवटचा शब्द नवे गाइड विसरतात. धावपटू मग पुढची वीस पावलं उगाच पाय उचलत राहतो. "इकडे" म्हणू नका, "डावीकडे हलकं वळण" म्हणा. रस्ता दोन माणसांच्या रुंदीचा आणि धावपटूच्या उंचीचा पाहायचा. बुटका गाइड ज्या फांदीखालून सहज जातो, तीच उंच जोडीदाराच्या कपाळावर बसते. पाण्याच्या टेबलापाशी तर ओले पेले पायाखाली असतात. तिथे आधी सांगून वेग कमी करायचा आणि पेला थेट हातात द्यायचा.

अंशतः दिसणाऱ्या धावपटूला नेमकं काय दिसतं, ते आधीच विचारून घ्या. कुणाला कडेचं दिसतं, समोरचं नाही. कुणाला उन्हातून सावलीत शिरताना काही क्षण सगळंच पुसट होतं. सावली दिसली की तीही सांगायची.

गाइड आणि पेसर एकाच शर्यतीत दोन्ही लागू शकतात. जोडीने पेसरच्या घोळक्यामागे धावायचं असेल तर मागच्या बाहेरच्या कडेला राहावं, धावपटू कडेला आणि गाइड गर्दीच्या बाजूला. मधोमध घुसलं तर पुढच्यांच्या पायांमुळे गाइडलाच रस्ता दिसत नाही.