लॅपटॉपचा कान

गेल्या महिन्यात सदाशिव पेठेतल्या एका छोट्या सभागृहात एक गायक आणि एक लॅपटॉप यांची जुगलबंदी ऐकली. मध्यंतरात शेजारचे काका म्हणाले, "अहो, सगळं आधीच भरून आणलेलं असतं!" तसं नव्हतं. गायक काय गातात ते ऐकून तो लॅपटॉप तिथल्या तिथे उत्तर देत होता. आणि वाजवण्यापेक्षा ऐकणंच त्याला जास्त अवघड जातं.

माइकमधला आवाज संगणकात शिरतो तो सेकंदाला 44,100 आकडे होऊन. त्यांवर 'सा' असं कुठेच लिहिलेलं नसतं. समजा, आवाजाचा आलेख बटरपेपरवर काढला. त्याची दुसरी प्रत वर ठेवून हळूहळू सरकवली, तर आधी रेषा विस्कटतात, मग एका जागी पुन्हा जुळतात. जितकं सरकवलं, तितका एका कंपनाचा काळ. याला स्वसहसंबंध म्हणतात. काळी एकचा (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीचा) सा 138.6 हर्ट्झचा, सेकंदाला तितकी कंपनं; म्हणजे 318 आकडे सरकवले की जुळणी. पण 636 सरकवले तरी रेषा जुळतातच! गाफील प्रोग्रॅम मग सा थेट मंद्रातला, म्हणजे खालच्या सप्तकातला समजतो. शिवाय ताडून पाहायला निदान दोन कंपनं हाती असावी लागतात, म्हणजे 14 मिलिसेकंद. तेवढ्या वेळात आवाज पाच मीटर जातो. साथीदार तितका लांब बसल्यासारखंच. मींडेत, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाताना, तर पहिलं कंपन संपून दुसरं सुरू होईतो काळच बदललेला असतो, आणि तानपुरा माइकमध्ये घुसला की विचारूच नका.

  

सूर कळल्यावर करायचं काय, हा प्रश्न जुनाच. ट्रॉम्बोनवादक जॉर्ज लुईस यांनी 1980च्या दशकात 'व्हॉयेजर' ही संगणक-प्रणाली लिहिली. ती समोरच्याचं ऐकते, पण त्याच्या मागे मागे जायचं बंधन तिच्यावर नाही. कोणीच वाजवत नसलं तरी ती आपली वाजवत राहते.

त्या संध्याकाळी एकदा लॅपटॉप अचानक खाली, मंद्रात गेला. गायक क्षणभर थबकले, हसले आणि त्याच्यामागोमाग मंद्रात उतरले. काकांनी मनापासून दाद दिली. नंतर भेटल्यावर गायकांनी सांगितलं, "चुकला होता तो. मी म्हटलं, बघू या तिकडे काय आहे."