तुमच्याच पत्त्यावरून तुम्हाला आलेला मेल

"मी तुझं खातं हॅक केलं आहे. खोटं वाटत असेल तर पाठवणाऱ्याचा पत्ता बघ. हा मेल तुझ्याच खात्यातून आला आहे." पुढे कॅमेऱ्यातून टिपलेल्या चित्रीकरणाची धमकी, आणि शेवटी बिटकॉइनमध्ये खंडणी. ओळखीतल्या एका निवृत्त प्राध्यापकांनी असा मेल दाखवला, तेव्हा त्यांची झोप उडालेली होती. धमकीचं त्यांना तितकं काही वाटलं नव्हतं. पण पाठवणाऱ्याच्या जागी खरोखरच त्यांचा पत्ता होता, आणि त्याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं.

उत्तर ई-मेलच्या रचनेतच आहे, आणि ते इतकं सुंदर आहे की शाळेत शिकवायला हवं.

जाळ्यातल्या एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावरच्या माणसाला निरोप धाडण्याची सोय रे टॉमलिन्सन यांनी १९७१ मध्ये अमेरिकेतल्या बीबीएन कंपनीत केली. नाव आणि यंत्र यांच्या मध्ये @ हे चिन्ह घालणारेही तेच. (मुंबईत जन्मलेल्या चौदा वर्षांच्या मुलाने ई-मेलचा शोध लावला, असा मजकूर अधूनमधून फिरतो आणि लोक अभिमानाने पुढे ढकलतात. शिवा अय्यादुराई यांनी शाळकरी वयात 'ईमेल' नावाचा प्रोग्रॅम लिहिला आणि १९८२ मध्ये त्याचा कॉपीराइट मिळवला, हे खरं आणि कौतुकाचं आहे. पण तोवर जाळ्यावरून मेल जाऊ लागून दहा वर्षं उलटली होती. कॉपीराइट लिहिलेल्या प्रोग्रॅमचा मिळतो, कल्पनेचा नाही.)

ऑगस्ट १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी एसएमटीपी ही मेल पोचवण्याची नियमावली प्रसिद्ध केली. मेल आजही मुळात तिच्याच आधारे एका सर्व्हरकडून, म्हणजे मेल पोचवणाऱ्या संगणकाकडून, दुसऱ्या सर्व्हरकडे जातो. त्या वेळी आर्पानेटवर, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वजावर, जेमतेम दोन-अडीचशे यंत्रं होती, बहुतेक विद्यापीठांतली आणि संशोधन संस्थांमधली. तिथे कोणी खोटं नाव सांगेल, हे गृहीत धरून नियम लिहिलेच गेले नाहीत.

आता दोन सर्व्हरमधलं संभाषण ऐका. पाठवणारा सर्व्हर समोरच्याच्या २५ क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे मेलसाठी ठरलेल्या दारावर, जोडणी करतो. समोरून येतं '२२०', म्हणजे तयार आहे. पाठवणारा 'हेलो' म्हणून आपलं नाव सांगतो. '२५०', ठीक. मग 'मेल फ्रॉम' आणि एक पत्ता, म्हणजे कोणाकडून. '२५०'. 'आरसीपीटी टू' आणि एक पत्ता, म्हणजे कोणाला. '२५०'. 'डेटा'. '३५४', सांग. यानंतर पूर्ण मजकूर जातो, आणि एखाद्या ओळीत फक्त एक टिंब आलं की निरोप संपला असं ठरतं. '२५०'. 'क्विट'. झालं! या संभाषणात "तू खरंच तोच कशावरून?" असा प्रश्न कुठेच नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. 'डेटा'नंतर जे जातं, त्याच्या सुरुवातीला फ्रॉम, टू, सब्जेक्ट अशा ओळी पुन्हा असतात. तुमच्या पडद्यावर दिसतात त्या या. म्हणजे संभाषणातले पत्ते हे पाकिटावरचे, आणि डेटामधले आतल्या पत्राच्या माथ्यावरचे. पोस्टमन पाकीट पाहतो, पत्र उघडत नाही. तुमच्यासमोर मात्र फक्त पत्र येतं. पाकिटाची थोडी खूण 'रिटर्न-पाथ' नावाच्या लपलेल्या ओळीत उरते. पत्राच्या माथ्यावर धमकी देणाऱ्याने तुमचाच पत्ता लिहिला तरी मूळ नियमावलीत त्याला अडवणारं काही नाही. त्यासाठी तुमच्या खात्यात शिरावंच लागत नाही. (मेलमध्ये तुमचा जुना पासवर्डही छापलेला असेल, तर तो बहुधा दुसऱ्याच एखाद्या संकेतस्थळावरून फुटलेल्या यादीतला असतो. तो अजून कुठेही वापरत असाल, तर आजच बदला.)

हे दोन वेगळे पत्ते ही चूक समजू नका. बीसीसी, म्हणजे इतरांना नाव न दिसता पाठवलेली प्रत, चालते ती याच सोयीवर. बीसीसीमधली नावं फक्त पाकिटावर जातात, पत्रावर उमटत नाहीत. सोसायटीच्या सभेची सूचना शंभर जणांना पाठवताना सगळे पत्ते 'टू'मध्ये भरले, की प्रत्येकाच्या हाती उरलेल्या नव्व्याण्णवांचे पत्ते पडतात, आणि एकाने 'रिप्लाय ऑल' केलं की सगळ्यांच्या पेट्या भरतात. अशा वेळी बीसीसीच वापरावं.

नकली नावांवरचे उपाय नंतर वरून जोडले गेले. पहिला एसपीएफ. त्यात डोमेनचा (पत्त्यातल्या @ नंतरच्या नावाचा) मालक डीएनएसमध्ये (डोमेनांच्या जाहीर नोंदवहीत) सांगून ठेवतो की आमच्या नावाचा मेल फक्त अमुक आयपी पत्त्यांवरून, म्हणजे अमुक यंत्रांवरून, निघेल. पण हा उपाय पाकीट तपासतो, पत्र नाही. शिवाय मेल आपोआप दुसऱ्या खात्याकडे वळवलेला असला की बऱ्याचदा तिथे फसतो.

मला खरा मोह पडतो तो डीकेआयएम या दुसऱ्या उपायाचा. पाठवणारा सर्व्हर मजकुराचा आणि निवडक शीर्ष-ओळींचा शा-२५६ या गणिती प्रक्रियेने २५६ बिटांचा ठसा काढतो. मजकुरातला एक स्वल्पविराम हलला तरी ठसा पार बदलतो. या ठशावर खासगी किल्लीने सही होते, आणि जोडीची सार्वजनिक किल्ली डीएनएसमध्ये सर्वांसाठी ठेवलेली असते. तिने घेणारा सर्व्हर सही तपासतो. आरएसए या सहीच्या पद्धतीत सार्वजनिक किल्लीमध्ये दोन अवाढव्य मूळ संख्यांचा गुणाकार असतो. गुणाकार करणं क्षणाचं काम, पण त्यावरून त्या दोन संख्या शोधणं महाकठीण, अर्थात संख्या पुरेशा मोठ्या असतील तरच! २०१२ मध्ये एका अमेरिकन गणितज्ञाच्या ध्यानात आलं की गूगलची ही किल्ली फक्त ५१२ बिटांची आहे. त्याने भाड्याच्या क्लाउड संगणकांवर सुमारे तीन दिवसांत तिचे अवयव पाडले आणि गूगलच्या एका संस्थापकाच्या नावाने दुसऱ्याला मेल पाठवला. त्यानंतर गूगलची किल्ली २०४८ बिटांची झाली. वाटेत एखादा सर्व्हर ओळींमधल्या रिकाम्या जागा कमी-जास्त करतो, म्हणून ठसा काढण्याआधी मजकूर 'सिंपल' किंवा 'रिलॅक्स्ड' अशा ठरावीक साच्यात बसवतात, नाहीतर खरी सहीही खोटी ठरेल.

तिसरा दुवा २०१२ मध्ये पहिल्यांदा जाहीर झालेल्या डीमार्कचा. पडद्यावर दिसणारं डोमेन आणि एसपीएफ किंवा डीकेआयएमने सिद्ध झालेलं डोमेन जुळतं का, हे तो पाहतो. जुळलं नाही तर मेल येऊ द्यायचा, स्पॅममध्ये टाकायचा की नाकारायचा, याबद्दलची इच्छा डोमेनच्या मालकाने आधीच जाहीर केलेली असते. जीमेल खात्यांना दिवसाला ५,००० च्या वर मेल पाठवणाऱ्यांना गूगलने फेब्रुवारी २०२४ पासून हे तिन्ही उपाय सक्तीचे केले.

संशयास्पद मेल जीमेलमध्ये संगणकावर उघडा, तीन टिंबांवर जा आणि 'शो ओरिजिनल' निवडा. या तिन्ही तपासण्यांचा निकाल 'पास' की 'फेल' तिथे लिहिलेला असतो. मेलच्या तळाशी 'व्हायरस तपासून पाठवला आहे' असं लिहिलेलं असेल तर त्याला काडीची किंमत देऊ नका. ते वाक्य कोणालाही टाइप करता येतं.

'पास' म्हणजे मेल त्या डोमेनचाच आहे, इतकंच. ते डोमेन प्रामाणिक आहे, असा त्याचा अर्थ नाही. चोर बँकेच्या नावासारखं दिसणारं डोमेन रीतसर विकत घेतो आणि तिन्ही तपासण्या निर्धोक पार करतो. मोबाइलवर अनेकदा फक्त पाठवणाऱ्याचं नाव दिसतं. त्यावर बोट ठेवून पूर्ण पत्ता उघडा आणि डोमेन उजवीकडून डावीकडे वाचा. 'अमुकबँक डॉट बँक डॉट इन डॉट केवायसी-तपासा डॉट कॉम' यातला मालक 'केवायसी-तपासा' आहे, डावीकडची बँक नुसती शोभेला. रिझर्व्ह बँकेने देशातल्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन'वर यायला सांगितलं, ते याचसाठी. हे डोमेन फक्त बँकांनाच मिळतं, पण ते पत्त्याच्या अगदी शेवटी असेल तरच ग्राह्य धरायचं. पैसे गेलेच असतील, तर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर ताबडतोब फोन करा. रक्कम चोराच्या खात्यातून पुढे सरकण्याआधी गोठवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच जास्त असते.